दूरस्थ डेस्कटॉप साधनांवरील परवाना-निर्बंध

दूरस्थ डेस्कटॉप साधनांवरील परवाना-निर्बंध म्हणजे एका संगणकाचा पडदा, कळफलक व माउस दुसऱ्या ठिकाणाहून हाताळू देणाऱ्या सॉफ्टवेअरचा वापर कोणी, कशासाठी, किती जणांनी आणि कोणत्या यंत्रावरून करावा यावर परवाना-कराराद्वारे घातलेल्या मर्यादा होत. हे निर्बंध केवळ जोडणी करून देणाऱ्या साधनापुरते नसतात. ज्या संगणकाशी जोडणी होते त्याच्या कार्यप्रणालीचे आणि त्यावर चालणाऱ्या इतर सॉफ्टवेअरचे परवानेही अशा वापराला लागू होतात. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या सहज जमणारी जोडणी परवान्याच्या दृष्टीने अमान्य ठरू शकते.

खासगी वापरासाठी विनामूल्य मिळणाऱ्या साधनांमुळे हा विषय सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला. अशी साधने घरगुती मदतीसाठी मोफत असतात. तेच काम दुकानासाठी, कार्यालयासाठी किंवा ग्राहकासाठी केल्यास सशुल्क परवाना लागतो. महाराष्ट्रातील लहान गावे व तालुक्याच्या ठिकाणी करसल्लागार, संगणक दुरुस्ती करणारे, सेवा केंद्रचालक आणि प्रशिक्षण वर्ग यांच्या दैनंदिन कामाशी या भेदाचा थेट संबंध येतो.

संज्ञा व स्वरूप

ज्या संगणकाचा ताबा घेतला जातो त्यास यजमान संगणक आणि ज्यावरून ताबा घेतला जातो त्यास ग्राहक संगणक म्हणतात. यजमान संगणक आपल्या पडद्याचे चित्र जाळ्यावरून पाठवतो आणि ग्राहक संगणकाकडून आलेल्या कळा व माउसच्या हालचाली स्वतःवर घडवून आणतो. मराठी बोलीत या क्रियेला 'रिमोट घेणे' आणि परवानगी देण्याला 'रिमोट देणे' असे सर्रास म्हटले जाते.

जोडणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात समोर बसलेल्या व्यक्तीचाच पडदा दूरवरून दिसतो व हाताळता येतो. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, रस्टडेस्क आणि व्हीएनसी कुळातील बहुतेक साधने प्रामुख्याने या प्रकारची आहेत. दुसऱ्या प्रकारात एकाच यजमान संगणकावर अनेक वापरकर्त्यांची स्वतंत्र सत्रे एकाच वेळी चालतात. विंडोज सर्व्हरवरील रिमोट डेस्कटॉप सेवा हे त्याचे परिचित उदाहरण आहे. दुसऱ्या प्रकारात एका यंत्रावरील सॉफ्टवेअर अनेकांच्या उपयोगी पडते. म्हणून वापरकर्त्यांच्या संख्येवरील निर्बंध तेथे अधिक काटेकोर असतात.

इतिहास

जाळ्यावरून दूरच्या यंत्रावरील खिडक्या दाखवणारी एक्स विंडो प्रणाली १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सुरू झाली. १९८० च्या दशकातच मोडेमद्वारे दूरच्या वैयक्तिक संगणकाचा ताबा घेणारी पीसीएनीव्हेअरसारखी व्यापारी साधने आली. सिट्रिक्स या अमेरिकी कंपनीने मायक्रोसॉफ्टकडून परवाना घेऊन १९९५ मध्ये विनफ्रेम हे अनेक-वापरकर्ता उत्पादन बाजारात आणले. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती प्रसिद्ध केली. येथून सर्व्हरशी जोडणाऱ्या प्रत्येकासाठी वेगळा प्रवेश परवाना घेण्याची पद्धत रूढ होत गेली.

याच काळात इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका संशोधन प्रयोगशाळेत व्हीएनसी विकसित झाले आणि ग्नू सार्वजनिक परवान्याखाली खुले करण्यात आले. ही प्रयोगशाळा आधी ऑलिव्हेटीकडे व नंतर एटी अँड टीकडे होती. २००२ मध्ये ती बंद झाल्यावर तेथील काही विकासकांनी रिअलव्हीएनसी ही कंपनी स्थापन केली. व्हीएनसीचा आरएफबी प्रोटोकॉल २०११ मध्ये आरएफसी ६१४३ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला.

विंडोज एक्सपी प्रोफेशनल आवृत्तीत २००१ पासून दूरस्थ डेस्कटॉपची सोय अंतर्भूत झाली. २००५ मध्ये जर्मनीत टीमव्ह्यूअर व २०१४ मध्ये तेथेच एनीडेस्क या कंपन्या स्थापन झाल्या. खासगी वापरासाठी मोफत आणि व्यावसायिक वापरासाठी सशुल्क ही विभागणी या उत्पादनांमुळे जगभर परिचित झाली.

परवान्यांचे थर

एका साध्या दूरस्थ सत्रात चार वेगवेगळ्या करारांचा संबंध येऊ शकतो.

• जोडणी साधनाचा परवाना: साधन कोणत्या उद्देशाने, किती यंत्रांवर व किती समांतर जोडण्यांसाठी वापरता येईल हे ठरवतो.
• मध्यस्थ सेवेच्या अटी: दोन संगणकांची गाठ घालून देणारे सर्व्हर उत्पादक कंपनी चालवत असल्यास त्या सेवेच्या अटी वेगळ्या असू शकतात.
• यजमान कार्यप्रणालीचा परवाना: संगणक दूरवरून वापरता येईल का, आणि एका वेळी किती जणांना, हे ठरवतो.
• इतर सॉफ्टवेअरचे परवाने: दूरच्या पडद्यावर उघडलेले हिशेबाचे, आरेखनाचे किंवा लेखनाचे सॉफ्टवेअर अशा वापरास मुभा देते का, हे ठरवतो.

चारही थरांची मुभा असेल तरच वापर पूर्णपणे नियमित ठरतो. एका थरातील परवानगी दुसऱ्या थराला लागू होत नाही. जोडणी साधनाचा सशुल्क परवाना घेतला म्हणून एकल-वापरकर्ता हिशेब सॉफ्टवेअर पाच जणांनी वापरण्याचा हक्क मिळत नाही.

निर्बंधांचे प्रकार

उद्देशावरील निर्बंध: वापर खासगी आहे की व्यावसायिक, यावर परवाना अवलंबून असतो. येथे 'व्यावसायिक' या शब्दाचा अर्थ नफ्यापेक्षा व्यापक असतो. घरून कार्यालयातील संगणकाशी जोडणे, सहकाऱ्याला मदत करणे किंवा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मोबदला मिळणारे कोणतेही काम करणे बहुधा व्यावसायिक वापरातच मोडते.

संख्येवरील निर्बंध: एकाच वेळी चालणारी सत्रे, नोंदणीकृत वापरकर्ते, व्यवस्थापित यंत्रे किंवा समांतर जोडण्या मोजल्या जातात.

यंत्र किंवा व्यक्तीशी बांधलेला परवाना: परवाना विशिष्ट यंत्राला दिला असल्यास ते यंत्र वापरणारे कर्मचारी बदलले तरी चालतात, व्यक्तीला दिला असल्यास ती व्यक्ती अनेक यंत्रांवरून काम करू शकते. पाळीने काम चालणाऱ्या केंद्रास पहिला प्रकार, तर फिरतीवरील कर्मचाऱ्यांस दुसरा प्रकार सोयीचा असतो.

आवृत्तीनुसार निर्बंध: स्वस्त आवृत्तीत यजमान होण्याची सोयच दिली जात नाही.

स्थान व यजमानसेवेवरील निर्बंध: सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर चालवण्यास परवानगी असते, परंतु तिसऱ्या पक्षाच्या सर्व्हरवर चालवून इतरांना भाड्याने देण्यास मनाई असते.

हे निर्बंध दोन मार्गांनी अमलात येतात. काही सॉफ्टवेअरच स्वतः अडथळा आणते. इतर काही केवळ कागदोपत्री असतात आणि त्यांचा भंग परवाना-तपासणीच्या वेळी उघड होतो. अडथळा आला नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही.

प्रमुख उत्पादनांतील अटी

विंडोजच्या वैयक्तिक आवृत्त्या

विंडोज १० व ११ च्या होम आवृत्तीवरून दुसऱ्या संगणकाशी जोडता येते, परंतु अंतर्भूत सोय वापरून तो संगणक स्वतः यजमान होऊ शकत नाही. प्रो, एंटरप्राइज व एज्युकेशन आवृत्त्यांत ही सोय आहे. मात्र तेथेही एका वेळी एकच संवादी सत्र चालते. दूरवरून कोणी प्रवेश केल्यास समोर बसलेल्याचा पडदा कुलूपबंद होतो.

परवाना-अटींनुसार संगणकासाठी एक परवानाधारक वापरकर्ता नेमता येतो आणि ही नेमणूक ९० दिवसांतून एकदाच बदलता येते. त्या व्यक्तीला दुसऱ्या यंत्रावरून प्रवेश करता येतो. इतरांना वेगवेगळ्या वेळी प्रवेश हवा असल्यास त्यांच्या यंत्रांवर त्याच किंवा वरच्या आवृत्तीचा स्वतंत्र परवाना असावा लागतो. दूरस्थ साहाय्य, म्हणजे समोरच्याच्या संमतीने त्याच्या सत्रात सहभागी होऊन अडचण सोडवणे, यासाठी वेगळी मुभा आहे. वैयक्तिक विंडोजचा सर्व्हरप्रमाणे अनेकांसाठी एकाच वेळी वापर करण्यास अटींत मनाई आहे.

ही एका सत्राची मर्यादा दूर करण्यासाठी विंडोजच्या दूरस्थ सेवेच्या फायलीत किंवा स्मृतीत बदल करणारी साधने महाजालावर मिळतात. ती वापरल्याने परवाना-अटींचा भंग होतो. शिवाय विंडोजच्या अद्यतनांनंतर ती बंद पडण्याचा आणि सुरक्षेत भगदाड पडण्याचा धोका असतो.

विंडोज सर्व्हर

विंडोज सर्व्हरवर व्यवस्थापनाच्या कामासाठी दोन दूरस्थ सत्रे अतिरिक्त परवान्याविना चालतात. ही मुभा सर्व्हरच्या देखभालीपुरती आहे. कर्मचाऱ्यांनी रोजचे काम करण्यासाठी नाही. त्यासाठी विंडोज सर्व्हरचा प्रवेश परवाना आणि त्याशिवाय रिमोट डेस्कटॉप सेवेचा प्रवेश परवाना असे दोन परवाने प्रत्येक वापरकर्त्यामागे किंवा यंत्रामागे घ्यावे लागतात. सेवा स्थापन केल्यावर १२० दिवसांची सवलत मिळते. ती संपल्यावर परवाना-सर्व्हर न सापडल्यास नव्या जोडण्या नाकारल्या जातात. चार महिने सुरळीत चाललेली व्यवस्था अचानक बंद पडण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

यंत्रनिहाय परवाने संपले की सर्व्हर पुढील यंत्रास अडवतो. वापरकर्तानिहाय पद्धतीत मात्र संख्या ओलांडली जाऊ शकते आणि करारभंग होतो. मध्ये दुसरे सॉफ्टवेअर किंवा उपकरण ठेवून जोडण्या एकत्र केल्या तरी आवश्यक परवान्यांची संख्या घटत नाही.

ऑफिस

किरकोळ विक्रीतील किंवा नव्या संगणकासोबत मिळालेला ऑफिस संच अनेक-वापरकर्ता सर्व्हरवर चालवता येत नाही. त्यासाठी समूह परवाना, किंवा सामायिक संगणकावर सक्रिय करण्याचा हक्क देणारी मायक्रोसॉफ्ट ३६५ ची योग्य योजना लागते.

मॅकओएस

ॲपलच्या मॅकओएस परवान्यानुसार मॅकच्या पडद्यावरील सत्राचे नियंत्रण एका वेळी एकाच दूरस्थ यंत्राला घेता येते. तेच सत्र केवळ पाहण्यासाठी इतर वाजवी संख्येच्या यंत्रांना जोडता येते. नियंत्रण आणि निरीक्षण यांत फरक करणारी ही अट अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

टीमव्ह्यूअर व एनीडेस्क

या दोन्ही उत्पादनांची मोफत आवृत्ती खासगी वापरापुरती आहे. सशुल्क परवाने प्रामुख्याने वापरकर्ते, व्यवस्थापित यंत्रे व समांतर जोडण्या यांच्या संख्येवर आधारलेले असतात. टीमव्ह्यूअर जोडण्यांच्या स्वरूपावरून वापर व्यावसायिक असल्याचा अंदाज बांधते व तशी सूचना दाखवते. त्यानंतर सत्रे काही मिनिटांत तुटू लागतात. वापर खासगीच असल्याचे वापरकर्त्याने अर्जाद्वारे कळवल्यास कंपनी फेरतपासणी करते. अंदाजाचे निकष पूर्णपणे जाहीर केलेले नसल्यामुळे नातेवाइकांना वारंवार मदत करणाऱ्यांनाही ही सूचना दिसल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत.

उल्लेखनीय प्रकरणे

ऑनलाइव्ह (२०१२): ऑनलाइव्ह या अमेरिकी कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये आयपॅडवर विंडोज ७ चा डेस्कटॉप व ऑफिस दूरवरून वापरू देणारी सेवा सुरू केली. यजमानसेवा देणाऱ्यांच्या परवान्याखाली विंडोज ७ अशा प्रकारे पुरवता येत नाही, असे मायक्रोसॉफ्टने मार्च २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. पुढील महिन्यात ऑनलाइव्हने आपली सेवा विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर हलवली. वापरकर्त्याला दिसणारा पडदा जवळपास तोच राहिला. बदलला तो त्यामागील परवाना.

लॉगमीइन (२०१४): लॉगमीइन कंपनीने २१ जानेवारी २०१४ रोजी आपली लोकप्रिय मोफत सेवा बंद केल्याचे जाहीर केले. पुढील प्रवेशानंतर वापरकर्त्यांना सशुल्क योजना घेण्याचा निर्णय करण्यासाठी सात दिवस देण्यात आले. मोफत सेवेवर नेहमीचे काम उभारण्यातील धोका या घटनेने दाखवून दिला.

सॅप विरुद्ध डियाजिओ (२०१७): डियाजिओ कंपनीचे ग्राहक व विक्रेते दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या माध्यमातून सॅपच्या प्रणालीतील माहितीपर्यंत पोहोचत होते. असा अप्रत्यक्ष प्रवेशही परवान्याच्या कक्षेत येतो व त्यासाठी शुल्क देय आहे, असा निर्णय इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने दिला. हा खटला दूरस्थ डेस्कटॉपचा नसला तरी मधली पायरी घातल्याने परवान्याची गरज टळत नाही, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते.

युरोपातील मेघसेवा वाद: विंडोजचे अनेक-सत्र रूप मायक्रोसॉफ्टने २०१९ पासून आपल्या ॲझ्युर सेवेशी निगडित दूरस्थ डेस्कटॉपसाठी उपलब्ध केले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मोठ्या प्रतिस्पर्धी मेघसेवांवर स्वतःचे परवाने नेण्याच्या अटी कडक करण्यात आल्या. या परवाना-पद्धतीविरुद्ध युरोपीय मेघसेवा पुरवठादारांच्या सिस्पे या संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. जुलै २०२४ मध्ये उभयपक्षी तडजोड होऊन ती मागे घेण्यात आली.

मुक्त सॉफ्टवेअर

मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत कोणत्याही उद्देशासाठी सॉफ्टवेअर चालवण्याचे स्वातंत्र्य पहिले मानले जाते. मुक्त-स्रोत व्याख्येतही व्यक्ती, समूह किंवा कार्यक्षेत्र यांत भेद करण्यास मनाई आहे. म्हणून ग्नू सार्वजनिक परवान्याखालील टाइटव्हीएनसी, टायगरव्हीएनसी व अल्ट्राव्हीएनसी, तसेच ग्नू ॲफेरो परवान्याखालील रस्टडेस्क ही साधने घरी आणि दुकानात सारख्याच हक्काने चालवता येतात. या परवान्यांतील बंधने वापरावर नसून वितरणावर आहेत: सॉफ्टवेअर बदलून दुसऱ्याला दिल्यास स्रोत-संहिताही द्यावी लागते. ॲफेरो परवान्यात बदललेले सॉफ्टवेअर जाळ्यावरून वापरू दिल्यासही ही जबाबदारी येते.

तथापि सॉफ्टवेअर मुक्त असले तरी उत्पादकाने चालवलेली मध्यस्थ सेवा विनाअट मिळेलच असे नाही. रस्टडेस्कमध्ये स्वतःचा मध्यस्थ सर्व्हर उभारण्याची सोय आहे. त्यासाठी देखभाल व सुरक्षेची जबाबदारी वापरकर्त्यावर येते. यजमान संगणकावर विंडोज असल्यास विंडोजच्या अटी कायम राहतात. भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय संस्थांसाठी मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर अवलंबण्याचे धोरण जाहीर केले आहे.

भारतीय कायद्यातील स्थान

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणक कार्यक्रमाला साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे. कलम ५२(१)(कक) अन्वये, म्हणजे इंग्रजी पाठातील 'डबल ए' खंडानुसार, कायदेशीर ताबेदाराला ज्या प्रयोजनासाठी कार्यक्रम पुरवला गेला त्या प्रयोजनाने तो वापरण्यासाठी, तसेच राखीव प्रत म्हणून, प्रती करता येतात. 'ज्या प्रयोजनासाठी पुरवला' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण ते प्रयोजन बहुधा परवाना-करारातूनच ठरते.

कलम ६३ख अन्वये संगणक कार्यक्रमाची उल्लंघन करणारी प्रत जाणीवपूर्वक वापरल्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर लाभासाठी किंवा व्यापाराच्या ओघात नसल्यास न्यायालय कारावास न देता ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५क नुसार, अधिनियमातील हक्कांच्या संरक्षणासाठी योजलेला तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या हेतूने निष्प्रभ करणे दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास व दंडास पात्र आहे.

परवान्याच्या प्रत्येक अटीचा भंग हा कॉपीराइटचा भंग असतोच असे नाही. अधिकृत प्रत अटीबाहेर वापरणे आणि बेकायदा प्रत वापरणे या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत २०१० मध्ये एमडीवाय विरुद्ध ब्लिझार्ड खटल्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने हा भेद मांडला: कॉपीराइटधारकाच्या अनन्य हक्काशी निगडित नसलेल्या अटीचा भंग केवळ करारभंग ठरतो. करारभंगाचा परिणाम परवाना रद्द होणे, सेवा बंद होणे किंवा नुकसानभरपाई असा दिवाणी स्वरूपाचा असतो. हा निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नाही.

पडद्यावरील 'मी सहमत आहे' या बटणाने होणाऱ्या करारांना भारतीय करार अधिनियम, १८७२ लागू होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम १०क नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य (२००४) या विक्रीकर प्रकरणात माध्यमावर नोंदवलेले तयार सॉफ्टवेअर 'वस्तू' मानले. इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स (२०२१) या आयकर प्रकरणात अंतिम वापरकर्त्याला परवान्यातून कॉपीराइटमधील हितसंबंध मिळत नाही, केवळ मर्यादित वापराचा हक्क मिळतो, असे स्पष्ट केले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील व्याख्या या विषयात लक्षणीय आहे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका मिळवण्यासाठी विकत घेतलेल्या वस्तूंचा वापर त्या अधिनियमाखाली 'वाणिज्यिक प्रयोजन' मानला जात नाही. परवाना-करारांत मात्र असाच वापर निःसंशय व्यावसायिक समजला जातो. एकटा दुकान चालवणारी व्यक्ती एका कायद्यापुढे ग्राहक आणि त्याच वेळी परवान्यापुढे व्यावसायिक ठरू शकते. अधिनियमात 'अनुचित करार' या संकल्पनेचाही समावेश आहे. मात्र ग्राहक ठरण्यासाठी मोबदला दिलेला असावा लागतो. त्यामुळे मोफत आवृत्ती वापरणाऱ्याला या संरक्षणाचा आधार सहजी मिळत नाही.

तालुका पातळीवरील परिणाम

महानगरांतील मोठ्या आस्थापनांत परवान्यांची नोंद ठेवणारा स्वतंत्र विभाग असतो. तालुक्याच्या गावी तो निर्णय बहुधा एकाच व्यक्तीला घ्यावा लागतो. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हे अशा ठिकाणांचे उदाहरण म्हणून घेता येते. १९९९ मध्ये निर्माण झालेला हा तालुका जिल्ह्यातील अकरा तालुक्यांपैकी एक आहे. तालुक्यातून नोकरी-शिक्षणासाठी पुणे, छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांत आणि ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात होणारे स्थलांतर मोठे आहे. कुटुंब एका ठिकाणी आणि जाणकार दुसऱ्या ठिकाणी, अशा स्थितीत दूरस्थ साहाय्य ही चैन नसून गरज ठरते. पुढील प्रातिनिधिक प्रसंगांवरून परवान्यांतील भेद स्पष्ट होतो.

• पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने गावातील आई-वडिलांच्या संगणकावरील अडचण दूरवरून सोडवली, तर तो खासगी वापर होय. त्याच मुलाने त्याच साधनाने मामाच्या कृषी सेवा केंद्रातील बिलांचा संगणक दुरुस्त केला, तर पैसे न घेताही तो वापर व्यवसायाशी निगडित ठरू शकतो.
• वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर लहान व्यापाऱ्यांचे हिशेब दूरवरून तपासण्याची पद्धत वाढली. करसल्लागाराने अशिलाच्या संगणकाचा ताबा घेणे हा व्यावसायिक वापर आहे. टॅलीसारख्या हिशेब सॉफ्टवेअरमध्ये एका वापरकर्त्यासाठी सिल्व्हर व अनेकांसाठी गोल्ड असे परवाने असून सॉफ्टवेअरमध्येच दूरस्थ प्रवेशाची सोय दिलेली आहे. ती वापरल्यास संपूर्ण संगणकाचा ताबा द्यावा लागत नाही.
• सामायिक सेवा केंद्र किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणारी व्यक्ती सेवाशुल्क घेते. त्यामुळे केंद्रातील संगणकावर खासगी वापराची मोफत आवृत्ती नियमात बसत नाही. नागरिक समोर बसलेले असताना सत्र तुटल्यास प्रत्यक्ष नुकसान केंद्रचालकाचे व नागरिकाचे होते.
• संगणक प्रशिक्षण वर्गात एका सक्षम संगणकावर अनेक पडदे चालवून खर्च वाचवता येतो. वैयक्तिक विंडोजवर असे करणे अटींविरुद्ध आहे. मायक्रोसॉफ्टने याच गरजेसाठी २०१० मध्ये विंडोज मल्टीपॉइंट सर्व्हर हे वेगळे उत्पादन आणले होते. लिनक्सवर अशा अनेक-वापरकर्ता रचनेस कार्यप्रणालीच्या परवान्याची आडकाठी नसते.

सुरक्षेशी संबंध

परवाना आणि सुरक्षा हे वेगळे विषय असले तरी व्यवहारात त्यांची सरमिसळ होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कद्वारे मोबाइलचा ताबा मिळवून खात्यातील पैसे काढण्याच्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले होते. साधन वैध होते. संमती फसवून मिळवली जात होती. परवाना नियमित असला तरी अनोळखी व्यक्तीस जोडणीचा संकेतांक देणे सुरक्षित ठरत नाही.

परवान्याची अडचण टाळण्यासाठी 'क्रॅक' केलेली आवृत्ती वापरल्यास हा धोका अधिक वाढतो, कारण अशा आवृत्तीत घातक सॉफ्टवेअर दडलेले असू शकते आणि तिला सुरक्षा-अद्यतने मिळत नाहीत. दुसऱ्याच्या संगणकावर विनापरवानगी प्रवेश करणे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ च्या कक्षेत येते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरणे कलम ६६ग नुसार गुन्हा आहे.

टीका व समर्थन

या निर्बंधांवरील मुख्य आक्षेप असे की, अटींची भाषा क्लिष्ट असते व ती बहुधा मराठीत उपलब्ध नसते. खासगी व व्यावसायिक यांतील रेषा लहान व्यावसायिकांच्या वास्तवाशी जुळत नाही. वापर व्यावसायिक आहे हे उत्पादकच एकतर्फी ठरवतो. आणि एकाच कामासाठी अनेक थरांचे परवाने लागल्याने खर्चाचा अंदाज येत नाही.

समर्थनार्थ असे सांगितले जाते की, मध्यस्थ सर्व्हर, सुरक्षा-अद्यतने व संशोधन यांचा खर्च व्यावसायिक वापरकर्त्यांच्या शुल्कातून भागतो आणि त्यामुळेच घरगुती वापरकर्त्यांना साधन मोफत मिळू शकते. एका प्रतीवर असंख्य लोकांनी काम केल्यास सॉफ्टवेअरच्या विक्रीचा आधारच उरत नाही, असाही युक्तिवाद आहे. दोन्ही बाजूंचा वाद प्रामुख्याने निर्बंध असावेत की नसावेत यापेक्षा ते आधी, स्पष्टपणे व वापरकर्त्याला समजेल अशा भाषेत सांगितले जावेत की नाही, या मुद्द्यावर केंद्रित झालेला दिसतो.

हेही पहा

• मुक्त सॉफ्टवेअर
• ग्नू सार्वजनिक परवाना
• कॉपीराइट अधिनियम, १९५७
• माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
• आभासी खासगी जाळे
• शिरूर कासार तालुका